भिंतीकडे तोंड करून

मी क्लिप बोलतेय. केसांत खोवायची नव्हे, दोरीवरच्या कपड्यांना लावायची तर नव्हेच. मोटारीच्या इंजिनात पाण्याची रबरी नळी लोखंडी तोटीवर घट्ट धरून ठेवते, ती पोलादी पट्टीची गोल क्लिप. माझ्या डोक्याशी एक छोटा स्क्रू आहे. तो एका बाजूला पिळला की मी आवळते, उलटा फिरवला की सैल पडते. डोकं म्हणा, तोंड म्हणा, जे काही आहे ते तेवढंच. आणि ते तोंड माझं भिंतीकडे आहे.

कुठली भिंत, ते सांगते. एक लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीच्या थाटाची गाडी आहे. अशा गाड्यांचं बाहेरून जेवढं कौतुक, तेवढी आत दाटी. लांबलचक नाकाखाली इंजिन असं कोंबलेलं, जणू एका पेटीत दोन पेट्यांचं सामान भरून वर कुणीतरी बसलंय. इंजिनाची पाठ आणि बसायच्या जागेचा पत्रा यांच्यामध्ये एक चिंचोळी फट आहे. त्या फटीच्या तळाशी मी. समोर काळा पत्रा आणि त्यावर रंगाचा एक फुगलेला फोड. इतकी वर्षं मी तो फोड बघत आलेय. शाळेत खोडकर पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करतात, पण तास संपला की त्याला निदान बसायला सांगतात. माझा तास काही संपेना.

बाहेरचं जग मी पाहिलंच नाही असं नाही. कारखान्यात माझ्या पट्टीवर दात पाडले, मला वळवलं, बहिणींबरोबर खोक्यात घातलं, तेवढं आठवतं. मग दुकानाचं टेबल. मग एका खिशातला अंधार. आणि मग एका माणसाचा डावा तळवा. त्यानं मला उजेडात धरून फिरवून पाहिलं, फुंकर मारली आणि म्हणाला, ही चांगली आहे, ही सोडायची नाही. माझ्याबद्दल कुणी बोललेले ते पहिले चांगले शब्द. पुढं बराच काळ तेच पुरवून पुरवून वापरले.

तो धाकटा. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. त्याचा मोठा भाऊ छापखान्यात मशीन चालवतो. दोघांनी मिळून ही गाडी भंगारातून उचलून आणली होती आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, कामावरून आल्यावर, तिला पुन्हा उभी केली. दोन जागांची गाडी आणि दोन भाऊ, असा तो हिशेब. दोघांचीही नखं कायम काळी. थोरल्याची बायको म्हणायची, या घरात टॉवेल पांढरा घेणं म्हणजे पापच.

ती बाई मला फार आवडायची. दिसायची कधीच नाही, पण पत्र्यापलीकडे भिंत आणि भिंतीपलीकडे तिचा ओटा, त्यामुळे ऐकू सगळं यायचं. भांडी घासताना देवाचं नाव, पीठ मळताना देवाचं नाव, दूध उतू गेलं तरी आधी देवाचं नाव आणि मग हळूच “गेलं मेलं”. तिचे सारखे काही ना काही नेम चालायचे. कुणी आजारी असलं, कुणाचं अडलं असलं, की ती स्वतःची एखादी आवडती गोष्ट सोडायची आणि ते काम होईपर्यंत तिला शिवायची नाही. मला तिच्यात आपली जातकुळी दिसायची. मीही एकच नेम घेऊन बसले होते, धरलेलं सोडायचं नाही.

गाडी रस्त्यावर आली आणि घरात आनंद झाला. रविवारी सकाळी दोघं भाऊ बसून जायचे, येताना भाजी आणायचे. त्या गाडीत पालेभाजीची जुडी कुठं ठेवायची, यावरून हसाहशी व्हायची. मागची ही नळी जुनी होती म्हणून धाकट्यानं एकदा ती काढून दुसरी घातली, आणि तेव्हाच मी इथं आले. वरून हात घालून त्यानं मला बसवलं. तो डावखुरा. डाव्या हाताला जिथून नीट पीळ देता येईल तसं त्यानं माझं तोंड मागं वळवलं आणि मला आवळलं. चांगलं आवळलं. तेव्हापासून मी एक केसभरही हललेले नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं यावरच अडलं.

या दोघांची आई घरातच असते. तिची धाकटी बहीण दूरच्या गावी अंथरुणाला खिळली होती. निरोप आला तसं थोरल्यानं आईला गाडीत बसवलं आणि स्टेशनकडे निघाला. अर्ध्या वाटेवर इंजिन तापलं. नळीच्या अंगाखालून वाफेची पिचकारी सुटली, पाणी माझ्या कडेवरून ओघळायला लागलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिकडे स्टेशनातली आगगाडी निघून गेली. दुसऱ्या गाडीनं आई पोचली तेव्हा बहीण नव्हती.

घरी परत आल्यावर थोरल्यानं नाकाडाचं झाकण उघडलं आणि बॅटरीचा झोत वरून खाली सोडला. त्याला काय दिसलं? ओली क्लिप. बस. नळीला खालच्या अंगाला चीर गेली होती, माझ्यापासून बोटभर अंतरावर. पण ती लबाड नळी गरम झाली की तोंड उघडायची आणि गार झाली की ओठ मिटून बसायची. वरून ती कुणाला दिसणार?

“तू क्लिप सैल ठेवलीस,” तो धाकट्याला म्हणाला. “एक काम तुला धड करता येत नाही. आईला बहिणीचं तोंड दिसलं नाही ते तुझ्यामुळे.”

मी ओरडले असते. मी सैल नव्हते. हात घालून बघा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मला तोंड आहे ते भिंतीकडे, आणि त्यालाही आवाज नाही.  धाकट्यानं मोरीवर जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि पुढच्याच आठवड्यात कामाच्या जवळ खोली घेऊन राहायला गेला. त्यालाही वाटलं असणार, राहिलीच असेल आपल्या हातून सैल. स्वतःवर विश्वास असायला हाताला डोळे थोडेच असतात!

त्या दिवसापासून गाडीवर कापड पडलं आणि मी पुरती अंधारात गेले. खरं काय ते एकटी मी जाणत होते आणि मीच अशा ठिकाणी की कुणाचा हात पोचू नये. कोंडून घालणं म्हणजे काय ते मला विचारा. जागा अरुंद असते त्याचं काही वाटत नाही हो. खरं सांगायला मिळत नाही, त्याची कोंडी मोठी.

पलीकडे ओट्याशी सुनेनं नवा नेम धरला. दोघं भाऊ एका टेबलाशी बसून चहा घेत नाहीत तोवर चहात साखर घ्यायची नाही. तिला गोड चहा म्हणजे जीव की प्राण. चमचा कपात फिरवल्याचा आवाज मला रोज यायचा, तो बंद झाला. सासू तिला चिडवायची, की देवाला तुझ्या साखरेचं काय करायचंय, मुंग्यांना घालतो की काय. त्यावर ती म्हणाली होती, “देवासाठी नाही हो आई. मला विसर पडू नये म्हणून. प्रत्येक घोटाला भाऊजींची आठवण होते.”  त्यानंतर सासूनं तिला चिडवणं सोडलं.

असा बराच काळ गेला. मग एक दिवस कापड निघालं. गाडी विकायची ठरली होती. घ्यायला आला होता एक दातांचा डॉक्टर, मोठा हौशी. त्यानं दार उघडून पाहिलं, सीटवर बसून पाहिलं, दात तपासावे तसं झाकणाखाली वाकून पाहिलं. इंजिन सुरू केलं. थोड्या वेळात मागून वाफ आली. तो म्हणाला, हे दुखणं काढा, मग मी नेतो. थोरल्यानं गॅरेजवाल्याला विचारलं तर त्यानं सांगितलं, या नळीसाठी इंजिन खाली उतरवावं लागेल. एका नळीसाठी? थोरला म्हणाला, घरीच करतो.

माझा जीव टांगणीला लागला. गाडी त्या डॉक्टरकडे गेली की संपलं. तिथं कुणी मला कापून काढील, नळी कचऱ्यात जाईल, आणि धाकट्याच्या कपाळावरचा तो डाग कायमचा राहील. या दोन भावांमध्ये आता उरलेली एकच वस्तू म्हणजे ही गाडी, तीही दारातून निघून जाणार.

थोरल्यानं सुट्टीच्या दिवशी सकाळी काम काढलं. खाली घमेलं ठेवून इंजिनातलं पाणी सोडलं. हवेच्या जाळीचा डबा काढला, दोन-तीन वायरी बाजूला बांधल्या, स्क्रू एका ताटलीत ठेवले. बॅटरी दातांत धरून त्यानं उजवा हात फटीत घातला. बोटं आली, मनगटापाशी अडली. दुसऱ्या बाजूनं घातला, कोपर अडलं. चादर अंथरून गाडीखाली शिरला आणि खालून हात घातला. नळी हाताला लागली, पण माझं तोंड पलीकडे. स्क्रूड्रायव्हर नुसता माझ्या पाठीवर खरखरत राहिला. त्याच्या बोटांची सालं निघाली.

बायको चहा घेऊन आली, कप बॉनेटच्या कडेवर ठेवणार तोच त्यानं नको म्हणून खूण केली. “यानं ही आत घातली कशी, तेच कळत नाही,” तो म्हणाला.

“भाऊजी डावखुरे आहेत ना. डाव्या हातानं घातली असेल.”

“मग?”

“मग काही नाही. सांगते आपलं.”

त्यानं डावा हात घालून पाहिला. हात जेमतेम शिरला, पण डाव्या हाताला काम करायची सवय नाही, स्क्रूड्रायव्हर निसटून थेट घमेल्यात पडला. तो चिडला. म्हणाला, इंजिन उतरवीन, गाडी फोडून भंगारात घालीन, पण त्याला बोलावणार नाही. मला वाटतं, बोलावण्याचं त्याच्या मनात आलं होतं, म्हणूनच एवढ्या जोरात नाही म्हणाला.

आई दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसली होती. ती सोलता सोलताच म्हणाली, “विक हो. लोखंडच आहे. पण तो रागावून गेला असता ना, तर एव्हाना परत आला असता. तो लाजून गेलाय. लाजून गेलेलं माणूस आपण होऊन येत नाही.”

थोरला गाडीखाली घमेल्यात पडलेला स्क्रूड्रायव्हर शोधत राहिला. शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग सुनेनं पदर खोचला. तिचे हात लहान, मनगट बारीक. ती म्हणाली, मी बघू का घालून? तो म्हणाला, हात काळे होतील. ती म्हणाली, तुमच्या घरात आले तेव्हाच झाले. आणि तिनं वरून डावा हात घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाची तरी बोटं हळुवारपणे माझ्यापर्यंत आली. ती मनातल्या मनात नाव घेत होती, ते मला तिच्या बोटांतून कळत होतं. तिनं माझ्याभोवती बोट फिरवलं. मला हलवून पाहिलं. मी हलले नाही. मी जीव एकवटून हलले नाही.

“घट्ट आहे हो,” ती म्हणाली.

“काय?”

“क्लिप. सैल नाहीये. जराही नाही. आणि थांबा, इथं खाली नळीला काहीतरी… माझं नख अडकतंय. चीर आहे. चांगली लांब चीर आहे.”

 मग त्यानं खालून हात वर घातला आणि विचारलं, कुठं? तिनं वरून त्याचं बोट धरून त्या जागी नेऊन ठेवलं. तिथं, त्या अंधाऱ्या फटीत, नवराबायकोची बोटं माझ्या शेजारी एकमेकांत अडकून राहिली. तो किती वेळ त्या चिरेवर बोट ठेवून होता कोण जाणे. 

शेवटी तो म्हणाला, “तू काढतेस का ती? स्क्रूड्रायव्हर देतो.”

तिनं बुटका स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्या डोक्यावरच्या खाचेत नीट बसवला. अगदी नीट. पण जोर? तिनं जोर लावला का, ते मला विचारू नका. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ती एवढंच म्हणाली, “नाही बाई. हे माझ्यानं नाही व्हायचं. ज्यानं लावली त्याचाच हात पाहिजे.”

थोरला उठला. तेलाचे हात तसेच घेऊन आत गेला. फोनच्या नंबरांवर काळे ठसे उमटले असतील. मला भिंतीपलीकडून त्याचं बोलणं ऐकू आलं. कसा आहेस नाही, काय चाललंय नाही. एवढंच, “ती मागची नळी काढतोय. इथं तुझाच हात लागणार आहे. ये.” आणि थोडं थांबून, “क्लिप घट्टच होती.”

पलीकडचा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.  पण आई शेंगांचं ताट बाजूला ठेवून केस नीट करायला आत गेली.

तो आला. पायांचा आवाज दारात थांबला. आईनं विचारलं, इतका वाळलास का रे? वहिनीनं विचारलं, जेवणार ना? तो हो म्हणाला. भावानं काही विचारलं नाही, त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि स्वतः खाली शिरला. या घरातले पुरुष असेच. जे बोलायचं ते हत्यारं देताना बोलतात.

धाकट्याचा डावा हात वरून आला आणि मी ओळखला. तोच तळवा, फक्त थोडा खरखरीत झालेला. थोरल्यानं खालून नळी धरली. धाकट्यानं माझा स्क्रू उलटा फिरवायला घेतला. तिथं पूर्ण फेरा घ्यायला जागाच नाही. थोडं फिरवायचं, काढायचं, पुन्हा बसवायचं, पुन्हा थोडं. दर पिळाला माझी एकेक आवळलेली वर्षं सुटत गेली. धरून ठेवणं हाच माझा नेम, पण त्या क्षणी मला कळलं की योग्य हातानं सोडवलं तर सुटण्यातही नेम मोडत नाही.

नळी कण्हत-कुंथतच निघाली. थोरल्यानं ती उजेडात नेऊन वाकवली आणि तिच्या अंगाखालची चीर दाताड विचकल्यासारखी उघडली. 

“मी तुला काहीबाही बोललो होतो,” तो म्हणाला.

“बोलला होतास.”

“चुकलं माझं.”

धाकट्यानं हात पुढं केला. “नवी नळी दे,” तो म्हणाला. आणि ती हातात आल्यावर, “मला वाटलं होतं, राहिली असेल खरंच. रोज वाटायचं. लिफ्टचा साधा स्क्रू आवळताना तीन-तीनदा बघायचो.”

आई दारातून म्हणाली, “दोघंही गाढव आहात. माझी बहीण मला पाण्याच्या नळीमुळे भेटली नाही, तुमच्यामुळे नाही. मी एक बहीण गमावली, तेवढं पुरे झालं. आता नळी घाला.”

मला इतक्या वर्षांनी मोकळं जग बघायला मिळालं ते तेव्हा. मी ताटलीत स्क्रूंच्या शेजारी पडले होते. खिडकीतून ऊन येत होतं. मी पाहिलं, भिंतीवर हत्यारांच्या खिळ्यांची रांग, खुर्चीखाली शेंगांची टरफलं, आणि दारात एक बुटकीशी बाई पदराला हात पुसत उभी, डोळे मिटून, ओठ हलताहेत. ती अशी असेल असंच मला वाटलं होतं.

नव्या नळीबरोबर नवी क्लिप आली होती, चकचकीत. धाकट्यानं ती हातात घेतली, मला घेतलं, आणि तिला ताटलीत टाकून म्हणाला, हिनं कधी सोडलं नाही, हीच लावू. मला गंज असता तर तो त्या वेळी लाजेनं आणखी तांबडा झाला असता.

मग त्यानं मला नळीवर चढवलं आणि खाली वाकून म्हणाला, “दादा, तोंड या वेळी पुढं ठेवतो. म्हणजे पुढच्या वेळी तुझाही हात पोचेल.”

मला वाटलं, सुटले! आता त्या फोडाऐवजी निदान वरची फट तरी दिसेल, कुणी झाकण उघडलं तर उजेड दिसेल. मी पोलादी असूनही आशेनं मऊ झाले.

गाडीखालून थोरल्याचं उत्तर आलं. 

“नको. होतं तसंच ठेव. मागं.”

“आणि परत काढायची वेळ आली तर? तुझा हात जात नाही तिथं.”

“म्हणूनच.”

धाकट्याचा हात क्षणभर माझ्यावर थांबला. मग त्यानं माझं तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं आणि मला आवळलं. थोडं, आणखी थोडं. तेवढंच घट्ट, जेवढं तेव्हा होतं.

डॉक्टरला फोन गेला की गाडी द्यायची नाही. तो म्हणे फार हळहळला.

तर मी आहे तिथंच आहे. इंजिनाच्या पाठीशी, तोच काळा पत्रा, तोच फोड. तापते, निवते, कानाशी पाणी खळखळतं. जागा तेवढीच अरुंद, अंधार तेवढाच. कुणी म्हणेल, हिला काय मिळालं? पण आता सांगायचं काही आत कोंडलेलं नाही, आणि मला इथं का ठेवलंय ते ठाऊक आहे. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला एवढं कळलं तरी दिवस जातात.

तुमच्याही घरात कुणी असं असेल, अंगावर बोल घेऊन लाजून बसलेलं. त्याला सैल म्हणण्याआधी एकदा हात घालून बघा. फट अरुंद वाटली तर ज्याचा हात जातो त्याला घालू द्या. एवढंच माझं मागणं.

मी आता थांबते. रविवारची सकाळ आहे. दोघं भाऊ भाजी घेऊन आलेत, पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कप मांडले जाताहेत. आणि ऐका, तिच्या कपात चमचा फिरतोय.